करोडगिरीच्या पायरीवर

जुन्या परभणीचा कुठलाही फोटो मोबाइलवर आला की आई एकच विचारायची, "यात ती हाय का?"

ती म्हणजे माझी थोरली बहीण. मी जेमतेम चालायला-बोलायला लागलो होतो तेव्हा ती गोवराने गेली. मला ती आठवत नाही. धाकटीचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. अण्णा, म्हणजे आमचे वडील, जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. म्हणजे त्या मुलीचा चेहरा साऱ्या जगात एकट्या आईला माहीत होता, आणि आईचं वय नव्वदीकडे झुकलेलं. एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने अंधूक. "आधी डोळे मिटले की दिसायची," ती म्हणायची. "आता झाक येती नि जाती." मरायच्या आधी एकदा तो चेहरा बघायचा, एवढंच तिचं मागणं होतं. बाकी तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

फोटो नव्हता तो नवसामुळे. हिच्या आधीची दोन बाळं जगली नव्हती. ही झाली तेव्हा घरातल्या थोरांनी नवस बोलला की सात वर्षांची होईपर्यंत पोरीच्या अंगाला नवं कापड लागू द्यायचं नाही. पाच घरी मागून आणलेले जुने कपडे घालायचे. नाव असं ठेवायचं की ऐकणाऱ्याने तोंड वाकडं करावं. आणि फोटो काढायचा नाही. या घरात एक लाडकं मूल आहे, हे कुणाच्या नजरेला कळू नये म्हणून. त्या काळी आमच्याकडे अशी मुलं गल्लोगल्ली होती, त्यात कुणाला नवल वाटत नसे. नवस काटेकोर पाळला गेला. तिला सातवं लागलं आणि ती गेली.

आम्ही तेव्हा करोडगिरीच्या इमारतीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो. निजामाच्या राज्यात आल्यागेल्या मालावर कर घ्यायची जी कचेरी असे, तिला करोडगिरी म्हणत. राज्य गेलं, करोडगिरी गेली, दगडी इमारत तेवढी राहिली. तिच्यात कसलीशी सरकारी दप्तरं कोंबली होती आणि अण्णा तिथे कारकून होते. ती मुलगी दिवसभर त्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेली असायची. ती गेल्यावर आईला त्या पायऱ्यांवरून पाण्याला जाववेना, म्हणून आम्ही दुसरीकडे खोली घेतली. पुढे मी औरंगाबादला शिकत असताना इमारत पाडली गेली. आज तिथे खाली मोबाइलची आणि औषधांची दुकानं आहेत, वर कोचिंग क्लास.

मी आयुष्यभर एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर कुणीतरी मला मोबाइलवरच्या एका गटात घेतलं. तिथे लोक घरातले जुने फोटो टाकतात आणि हे कुठलं यावर भांडतात. भांडणं गोड असतात. कुणी स्टेशनचा फोटो टाकला की दुसरा म्हणणार, ही परभणी नाही, पूर्णा. "तुमी कधी उतरलाव का पूर्णेला?" "माझा मेव्हणा रेल्वेत होता पूर्णेला." "मग मेव्हण्याला बोलू द्या, तुमी गप बसा." मी त्यात फारसं लिहीत नसे. फोटो कागदावर छापून घ्यायचा, पिशवीत घालायचा, आणि सकाळी उन्हं चढायच्या आत ती जागा शोधत हिंडायचं, असं मी सुरू केलं. लोकांना तो निवृत्त माणसाचा छंद वाटे. मी आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. मुलीचा फोटो कुणी काढलेला नाही हे मला माहीत होतं. पण इमारतीचा कुणीतरी काढलेला असेल, आणि पायऱ्यांवर ती बसलेली असेल.

त्या हिंडण्यात एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या गावात इमारतीचा म्हणून फोटो कुणी काढलेलाच नाही. फोटो लग्नाचे, बदलीच्या निरोपाचे, नव्या ट्रॅक्टरच्या पूजेचे. इमारती त्यात मागे उभ्या, अर्ध्या कापलेल्या, कुणाच्या तरी फेट्याच्या वर डोकावणाऱ्या. आणि घरातलं माणूस गेलं की तोच फोटो स्टुडिओत जायचा. फोटोवाला घोळक्यातून तेवढा एक चेहरा काढून मोठा करायचा आणि मागे निळा रंग मारायचा. भिंतीवर हार घालून लावायचा फोटो तो. उरलेला गट, मागची कमान, दुकानाची पाटी, सगळं त्या निळ्याखाली. कितीतरी घरांत मला असे निळे फोटो दाखवले गेले. "याच्या मागं टाकी होती बघा पाण्याची," असं घरातले सांगत, आणि आम्ही मिळून त्या निळ्या रंगाकडे बघत बसायचो.

काही जागा सापडल्या. गुजरी बाजाराजवळ एका खताच्या दुकानामागे, पोत्यांच्या थप्पीआड, एक अख्खी दगडी कमान निघाली. तिला हिरवा ऑइलपेंट दिलेला, मधोमध खिळा ठोकून कॅलेंडर लावलेलं. मी फोटो समोर धरून कमानीचे दगड जुळवत होतो, तर मालक आला.

"काय हुडकायलाव सर? मोजणी आली का?"

"नाही हो. ही जुनी कमान बघतोय."

"बघा. पण फोटो काढू नका. मागच्या खेपंला एकानं काढला अन् महिन्यात रस्तारुंदीची नोटीस आली."

"मी काही नगरपालिकेचा माणूस नाही."

"तो बी असंच म्हणला होता."

मी फोटो काढला नाही. वर्षभराने तिकडून गेलो तेव्हा दुकानाला नवं शटर होतं आणि आतल्या भिंती पांढऱ्या फरशीने मढवलेल्या. कमान तिच्याआड आहे की काढली, हे विचारायचं धाडस झालं नाही.

मग एक दिवस गटावर तो फोटो आला. मानवतच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या नातवाने टाकला होता. खाली लिहिलेलं, आजोबा, जिनिंगच्या कचेरीसमोर, मानवत. सात-आठ पुरुष खुर्च्यांवर आणि मागे उभे. त्यांच्या मागे तीन दगडी कमानी, वर उर्दू अक्षरांची पाटी. एका अंगाला पायऱ्या, दुसऱ्या अंगाला लिंबाचं झाड. ही करोडगिरी तर नव्हे, असं वाटलं. पण आईकडून करोडगिरीचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलं होतं की तोंडपाठ होतं. समोर उभं राहिलं की उजव्या हाताला पायऱ्या, डाव्या हाताला लिंब. या फोटोत पायऱ्या डावीकडे होत्या आणि लिंब उजवीकडे. तेव्हा मानवतच असणार. तरी एसटीने मानवतला गेलो. नातू भला माणूस. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला मूळ फोटो त्याने माझ्या हातात दिला, चहा पाजला, त्याची प्रत काढू दिली. "आमच्या जिनिंगला पायऱ्या नव्हत्या म्हणे कधी," एवढं तो जाता जाता बोलला. "पण फोटो आमचा हाय, म्हणजे मानवतचाच."

ती प्रत मी संध्याकाळी फिरायला जाताना सोबत नेली. बागेत आमचा एक कट्टा आहे, त्यात उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक येतात. आम्ही एकमेकांना 'सर' म्हणतो. त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि हसायला लागले.

"सर, ये क्या लाए तुम? बोर्ड उल्टा है."

"उलटा म्हणजे?"

"आरशात दिसतो तसा. सगळाच फोटो उल्टा छपा है. ये देखो, साहेबांच्या शेरवानीची बटनं बायकांसारखी लागलीत." त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला, फोटोचा फोटो काढला, त्यातलं डावंउजवं बदललं आणि वाचलं, "दफ्तर, करोडगिरी. पुढचं पुसलंय."

निगेटिव्हची काच उलटी ठेवून छपाई झाली की असं होतं, हे मला नंतर कळलं. अण्णा मॅट्रिकपर्यंत उर्दूत शिकले होते. त्यांना हा फोटो दुरून दाखवला असता तरी कळलं असतं. गटावरच्या शेकडो लोकांना, आणि सगळं आयुष्य पुस्तकांत काढलेल्या मला, ती नुसती नक्षी दिसली. मी मोबाइलच्या काचेवर पायऱ्या मोठ्या करून बघत होतो. तिसऱ्या की चौथ्या पायरीवर काहीतरी फिकट, लहानसं बसलेलं होतं.

"कोण आहे सर?" उर्दूच्या सरांनी विचारलं.

"बघायचंय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सुलट करून, मोठ्या कागदावर छापून आणलं. आईला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, मांडीवर पाट ठेवून त्यावर कागद पसरला, हातात भिंग दिलं. तिने आधी लिंबावर बोट ठेवलं. मग कमानींच्या पलीकडे पत्र्याचा एक कोपरा दिसत होता, त्यावर. "ही आपली खोली. या पत्र्यावर मी सांडगे घालत होते." तिथून भिंग पायऱ्यांवर आलं आणि थांबलं.

"बाह्या बघ," ती म्हणाली. "हात दिसत न्हाईत."

मी वाकून बघितलं. त्या फिकट आकृतीच्या अंगात मोठ्या पोराचा सदरा होता, बाह्या हातांच्या खाली लोंबलेल्या. "त्यो सोनारणीच्या पोराचा सदरा. धुतला की वाळंपर्यंत उघडी बसायची, पण दुसऱ्याच्या दारात मागायला जाऊ देत नव्हती मला." मग शांतपणे, "हीच हाय."

भिंग चेहऱ्यावर गेलं. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा एक उजळ ठिपका होता आणि त्यात दोन डाग. आईने भिंग जवळ नेलं, लांब नेलं, डोळा पुसला, भिंग मला पुसायला लावलं. शेवटी भिंग माझ्या हातात दिलं.

"तोंड न्हाई रे दिसत."

त्या दुपारी तिने मला तो चेहरा तोंडी सांगितला. पूर्वी तुकड्या-तुकड्यांत सांगायची, त्या दिवशी सलग सांगितला. कपाळ मोठं. नाक बसकं. रंग सावळा, अण्णांवर गेलेला. याच पायऱ्यांवर पडली होती, त्याचा वण डाव्या भुवईत, तिथे केस उगवले नव्हते. हसली की आधी एकच गाल हलायचा. मी ऐकत होतो आणि त्या ठिपक्यावर हे सगळं बसवू पाहत होतो. बसत नव्हतं. शब्दांनी चेहरा होत नाही, हे मला, जन्मभर शब्दांवर जगलेल्या माणसाला, त्या दिवशी पुरतं कळलं.

धाकटी बहीण गंगाखेडला असते. पुढच्या सणाला आली तेव्हा मी तिला फोटो दाखवला. तिने मोबाइलवर त्याचा फोटो घेतला आणि ट्रंकेतला आईचा तरुणपणचा एक फोटो मागून नेला. कशाला, ते मी विचारलं नाही. महिन्याभराने परत आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम घेऊन.

"आमच्या तिथल्या फोटोवाल्यानं करून दिलं," ती म्हणाली. "आता कायपण होतं दादा. मेलेली माणसं हलायलीत, बोलायलीत. हे तर साधं हाय म्हणला."

फ्रेममध्ये एक गोरीपान मुलगी होती. टपोरे डोळे, लांब पापण्या, सरळ नाक. अंगात झालरीचा गुलाबी झगा, अगदी मापाचा. मागे फुलांची बाग. कमानी, पायऱ्या, लिंब, काही नाही.

मी बहिणीला स्वयंपाकघरात घेऊन गेलो. "ही ती नाही," मी हळू आवाजात म्हणालो.

"मग कोण हाय?"

"कुणीच नाही. आईच्या फोटोवरून यंत्राने बनवलेली कुणीतरी."

"तुला आठवती का ती?"

"नाही."

"मला बी न्हाई. मग तू कशावरनं म्हणायलास ही ती न्हाई?" तिने गॅसवरचं दूध उतरवलं. "तू दोन वर्षं गावभर हिंडलास, अन् आईला काय दिलंस? ठिपका. रागवू नको दादा, पण ठिपक्याला म्हातारी काय करंल?"

मला राग आला नव्हता. तिच्या बोलण्यात काही खोटं असतं तर आला असता.

बाहेर आलो तेव्हा आईने फ्रेम स्वतःच उघडून मांडीवर घेतली होती आणि काचेवरून, झग्याच्या झालरीवरून बोट फिरवत होती.

"नवं हाय का?" तिने विचारलं.

"नवंकोरं हाय आई," बहीण तिच्यापाशी बसत म्हणाली.

"झालरीचं." आईचं बोट झालरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. "समोर बँडवाल्याची पोर होती, तिला असं होतं. लय मागं लागायची माझ्या. सात होऊ दे म्हणायचे मी. सात झाले की दोन शिवते." मग ती रडली. ती रडताना मी फार वेळा पाहिलेली नाही, आणि असं समाधानाने रडताना तर कधीच नाही. ही ती नाही, हे वाक्य माझ्या तोंडात होतं. ते बोललो असतो तर तो झगाही तिच्या हातातून गेला असता.

फ्रेम तिच्या पलंगाशेजारच्या कोनाड्यात गेली. माझा मोठा कागद गुंडाळी होऊन कपाटावर. काही दिवसांनी मी आईपाशी बसलो असताना सहज म्हणालो, "आई, तिच्या भुवईतला वण कुठल्या बाजूचा म्हणाली होतीस?"

"कसला वण?"

"पायरीवर पडली होती ना. डाव्या भुवईत."

तिने कोनाड्याकडे बघितलं. दिसत फारसं नव्हतं, पण मान तिकडे वळली. "न्हाई रे. भुवया चांगल्या होत्या तिच्या. कोरल्यासारख्या."

"सावळी होती ना, अण्णांसारखी?"

"कोण म्हणतं? गोरी होती. माझ्यावर गेलेली."

"तूच म्हणाली होतीस."

"मी कशाला असं म्हणंल?" ती म्हणाली, किंचित दुखावून.

ती खोटं बोलत नव्हती. डोळे मिटले की आता तिला झाक येत-जात नव्हती, स्पष्ट दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते फ्रेममधलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही. तिच्या हातातलं काढून घ्यावं तसं ते झालं असतं, आणि मला परत तिच्या हातात ठेवायला काही नव्हतं.

त्याच सुमारास मी सुलट केलेला फोटो गटावर टाकला होता. खाली नीट लिहिलं, ही मानवतची जिनिंग नाही, परभणीची करोडगिरी. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याला रंग देऊन परत टाकला. दगड गुलाबी झालेले, आभाळात ढग आलेले. पाटीवरची अक्षरं कुठल्याच भाषेची राहिली नव्हती. पायऱ्यांवर जिथे ती बसली होती, तिथे यंत्राने मातीची घागर काढली होती. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी लिहिलं, तिथे घागर नाही, एक मुलगी बसली आहे. एकाने उत्तर दिलं, "सर, चांगलं दिसायलंय की. कशाला एवढं?" दुसऱ्याने हात जोडलेलं चित्र टाकलं. आता करोडगिरी म्हणून तो घागरीचाच फोटो सगळीकडे फिरतो. परवा एका दुकानदाराने गल्ल्यामागे मोठा करून लावलेला पाहिला. त्याने मला कौतुकाने थांबवून दाखवला आणि जुन्या काळी लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला कसं पाणी पाजायचे, ते सांगितलं. मी ऐकून घेतलं.

आई या उन्हाळ्यात गेली. शेवटचे दिवस त्रास फार नव्हता. कोनाड्याकडे तोंड करून झोपायची. गोदावरीवरचं सगळं आटोपून आम्ही परत आलो, आणि तेराव्याला बहिणीने आईचा फोटो बाहेरच्या भिंतीला लावला. स्टुडिओवाल्याने मागे निळा रंग दिला होता. आता तो कुंचल्याने देत नाहीत एवढंच. मग तिने आतून दुसरी फ्रेम आणली.

"हिला बी लावू ना दादा? लहान लेकराचा लावत न्हाईत म्हणतात. पण आता कोण हाय म्हणणारं?"

मी खिळा धरला, तिने फ्रेम अडकवली.

जेवणं झाल्यावर नात्यातल्या बायका भिंतीखाली बसल्या होत्या. पाथरीची आमची एक लांबची मावशी उठून फोटोंजवळ गेली, एकदा आईकडे आणि एकदा मुलीकडे बघत राहिली.

"डोळे अगदी आईवर गेलेत बाई," ती म्हणाली.

"गेलेलेच हायत," बहीण म्हणाली.

मग मावशी माझ्याकडे वळली. "तू बारका होतास तवा. तुला आठवत असंल की जराशी?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. बहीणही. मी भिंतीकडे बघितलं.

"जराशी," मी म्हणालो.